गाजलेले बनाव शेजारी-शेजारी ठेवून कसे अभ्यासावेत आणि लोक का फसले हे कसं शोधावं

बनाव उघडा पडला की तो फार बाळबोध दिसू लागतो. पिल्टडाउनच्या कवटीचंच पाहा. वरचा भाग माणसाचा, जबडा ओरांगउटानचा, दात कानशीनं घासलेले. आणि तरीही १९१२ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे तब्बल ४१ वर्षं, मानवाच्या पूर्वजाची कवटी म्हणून तिला ब्रिटनमध्ये मान मिळत राहिला. हे वाचल्यावर कुणीही विचारतं, ‘एवढ्या विद्वानांना एवढंही कळू नये?’ प्रश्न साहजिक आहे, पण तो विचारून हाती काही लागत नाही. ती माणसं भोळी होती आणि मी तसा नाही, हे उत्तर त्यात आधीच गृहीत धरलेलं असतं.

एकेकटा बनाव वाचला तर तो एक गमतीशीर किस्सा होतो आणि विसरून जातो. दोन बनाव शेजारी ठेवले आणि दोघांना तेच प्रश्न विचारले, की किस्सा मागे पडतो आणि आतला सांगाडा दिसू लागतो. त्या सांगाड्यात मला जवळजवळ दर वेळी एक रिकामी जागा सापडते, बनाव येण्याच्या कितीतरी आधीपासून तयार असलेली. कुणीतरी कशाची तरी वाट पाहत होतं. बनाव करणाऱ्यानं ती जागा हेरली आणि नेमक्या मापाची वस्तू तिथे आणून ठेवली. त्याच्या हातचलाखीपेक्षा ही जागा आधी शोधावी, असं माझं ठाम मत आहे. पुढची सगळी पद्धत त्यावरच उभी आहे.

पहिली पायरी: हा खरोखर बनाव आहे का, ते ठरवा

अफवा, प्रामाणिक चूक, दंतकथा आणि बनाव यांची सरमिसळ केली तर तुलना बिघडते. कसोटी सोपी आहे: सुरुवातीच्या क्षणी हे खोटं आहे हे कुणाला तरी ठाऊक होतं का? ठाऊक असलेला माणूस सापडला तर बनाव. सगळेच मनापासून चुकत असतील तर ती चूक.

वहीत दोन याद्या करा: कुणाला माहीत होतं, कुणाला माहीत नव्हतं. पिल्टडाउनमध्ये चार्ल्स डॉसन हा ससेक्समधला वकील आणि हौशी उत्खनक पहिल्या यादीत जातो. आज बहुतेक संशोधक बनावाचं कर्तृत्व त्यालाच देतात. त्याच्यासोबत शोध जाहीर करणारा ब्रिटिश म्युझियमचा भूशास्त्रज्ञ आर्थर स्मिथ वुडवर्ड दुसऱ्या यादीत जातो. तो स्वतः फसला होता. दुसरी यादी पहिलीपेक्षा नेहमीच लांब होते आणि आपल्या कामाची माणसं तिच्यातच असतात.

इथे एका गोष्टीची काळजी घ्या. लोक कसे फसले याच्या कहाण्याही फुगवलेल्या असतात. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेत मंगळावरच्या स्वारीचं एक रेडिओ नाटक झालं आणि सारा देश घाबरून रस्त्यावर धावला, असं आपण वाचत आलो आहोत. ते नाटक असल्याचं कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच सांगितलं गेलं होतं. काही श्रोते घाबरले हे खरं, पण देशभर हाहाकार उडाल्याचं चित्र वर्तमानपत्रांनी रंगवलं होतं. तेव्हा ‘लोक किती भोळे’ असं सांगणारी गोष्टही तपासूनच वहीत घ्या.

दुसरी पायरी: यादी करू नका, जोड्या लावा

‘जगातले दहा मोठे बनाव’ अशा याद्या मनोरंजक असतात, पण त्यांतून काही उलगडत नाही. दोन-दोनच घ्या. जोडी लावायचे दोन चांगले मार्ग आहेत: क्षेत्र एकच पण काळ आणि देश वेगळे, किंवा क्षेत्रं निराळी पण रिकामी जागा सारखी.

पहिल्या प्रकारात पिल्टडाउनशेजारी जपानमधला शिनिची फुजिमुरा ठेवा. हा हौशी पुरातत्त्वज्ञ जिथे खणेल तिथे अतिप्राचीन दगडी हत्यारं निघत. त्यामुळे जपानमधल्या मानवी वस्तीचा काळ मागे सरकत सरकत लाखो वर्षांवर गेला. २००० साली ‘माइनिची शिंबुन’ या वृत्तपत्रानं तो स्वतःच खड्ड्यात हत्यारं पुरत असल्याची छायाचित्रं छापली.

दुसऱ्या प्रकारासाठी मला सर्वांत आवडणारी जोडी आहे ती भाऊसाहेबांचा तोतया आणि स्वतःला रशियाची राजकन्या म्हणवणारी बर्लिनची ॲना अँडरसन यांची. पहिला अठराव्या शतकातला, दुसरी विसाव्या शतकातली. भाषा वेगळी, राज्य वेगळं, काळ वेगळा. आणि तरी सांगाडा इतका सारखा की वाचताना अंगावर काटा येतो.

तिसरी पायरी: बनावाच्या आदल्या दिवशी काय होतं, ते लिहा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. बनावाचं नाव न घेता, तो जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी त्या लोकांना काय हवं होतं, कशाची लाज वाटत होती, कुठला प्रश्न अर्धवट लटकत होता, ते अर्ध्या पानात लिहून काढा.

१७ डिसेंबर १९१२ ची लंडनची स्थिती लिहिली तर ती साधारण अशी होईल. जर्मनीकडे निअँडरथल आहे, १९०७ मध्ये सापडलेला हायडेलबर्गचा जबडा आहे. फ्रान्सकडे क्रो-मॅग्नन आहे. ब्रिटनकडे मात्र दाखवण्यासारखा एकही प्राचीन मानव नाही. शिवाय उत्क्रांतीत आधी मेंदू मोठा झाला आणि बाकीचं शरीर नंतर बदललं, असं तिथल्या बऱ्याच विद्वानांचं मत आहे. आता दुसऱ्या दिवशी जिऑलॉजिकल सोसायटीत काय ठेवलं गेलं ते पाहा: मोठ्या मेंदूची, माकडाच्या जबड्याची, ससेक्सच्या खडीतून निघालेली कवटी. तिनं राष्ट्राची उणीव भरून काढली आणि विद्वानांचा सिद्धान्तही खरा ठरवला. पुढच्याच वर्षी त्याच जागी एक सुळा मिळाला. वुडवर्डनं कवटीची जी प्रतिकृती बनवली होती, तिच्यातल्या सुळ्याशी तो जुळत होता. आपलं भाकीत खरं ठरलं की शास्त्रज्ञाला आनंद होतो. त्या आनंदाच्या भरात, भाकीत ऐकून कुणी सुळा घडवला असेल, ही शंका मनाला शिवत नाही.

आता तोतयाच्या आदल्या दिवसाकडे या. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. रणात सापडलेलं प्रेत त्यांचंच होतं का, याबद्दल शंका उरली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करलं नाही. भाऊ जिवंत असतील, कुठेतरी असतील, परत येतील, ही आशा एका घरापुरती नव्हती. एवढा मोठा घाव बसलेल्या साऱ्या समाजाची ती आशा होती. पुढे १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, गादीवर तान्हं मूल आलं, कारभार बारभाईंच्या हाती गेला. म्हणजे एका रिकाम्या जागेत दुसरी येऊन मिळाली. मी भाऊ आहे असं सांगणारा माणूस चौकशीत तोतया ठरून कैदेत पडलेला होता. तरीही १७७६ मध्ये तो सुटला तेव्हा कोकणात त्याच्यामागे फौज उभी राहिली आणि किल्ले त्याच्या हाती गेले. त्याच वर्षी तो पकडला गेला आणि त्याला देहान्त शिक्षा झाली.

ॲना अँडरसनचा आदला दिवस असा: जुलै १९१८ मध्ये येकातेरिनबर्गला रशियाच्या झारचं सारं कुटुंब मारलं गेलं, पण प्रेतं लपवली गेली. फेब्रुवारी १९२० मध्ये बर्लिनच्या कालव्यातून एका तरुणीला बाहेर काढलं गेलं. पुढे ती झारची मुलगी अनास्तासिया आहे, असा दावा उभा राहिला. देशोधडीला लागलेल्या रशियन उमरावांपैकी काहींनी तिला ओळखलं, काहींनी साफ नाकारलं, आणि हा वाद ती १९८४ मध्ये वारली तरी मिटला नाही. १९९४ मध्ये डीएनए तपासणीत ती रोमानोव्ह घराण्यातली नसल्याचं दिसलं. फ्रान्झिस्का शान्झकोव्स्का या पोलिश कामगार स्त्रीच्या नातलगाशी तिचा डीएनए जुळला. तरीही काहींना धुगधुगी होती, कारण १९९१ मध्ये उकरलेल्या अवशेषांत दोन मुलं कमी होती. ती दोघं २००७ मध्ये सापडली.

दोन्ही प्रकरणांत प्रेताचा पत्ता नव्हता आणि दोन्हीकडे माणसांना आपलं उद्ध्वस्त झालेलं जग परत हवं होतं. तोतया दिसायला किती सारखा होता, त्याला घरातल्या किती खाणाखुणा ठाऊक होत्या, हे प्रश्न मला दुय्यम वाटतात. सारखेपणा बघणाऱ्याच्या डोळ्यांत तयार होतो, आणि जिथे ओढ असते तिथे तो भराभर होतो.

कॉटिंग्लेच्या पऱ्यांचंही तसंच. १९१७ मध्ये यॉर्कशरमधल्या एल्सी राइट (वय १६) आणि फ्रान्सेस ग्रिफिथ्स (वय ९) या मावस बहिणींनी ओढ्याकाठी पऱ्यांची छायाचित्रं काढली. डिसेंबर १९२० मध्ये शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉइल यांनी ती मासिकातून जगापुढे ठेवली. मधल्या काळात पहिलं महायुद्ध संपलं होतं आणि घरोघरी कुणीतरी गेलेलं होतं. डॉइल यांचा मुलगाही १९१८ मध्ये वारला होता. डोळ्यांना दिसतं त्यापलीकडे काही आहे, याचा पुरावा त्या पिढीला मनापासून हवा होता.

चौथी पायरी: दावा कुणाच्या हातून आला?

ही पायरी लवकर उरकता येते. दाव्यानं कोणकोणते हात बदलले, ते बाणांनी दाखवा. प्रत्येक हाताबरोबर त्याची पत वाढत गेलेली दिसेल. ससेक्सचा वकील, मग संग्रहालयातला तज्ज्ञ, मग विद्वत्सभा, मग पाठ्यपुस्तकं. शेवटच्या माणसापर्यंत कवटी पोचते तेव्हा तिच्यासोबत आधीच्या सगळ्यांची प्रतिष्ठा आलेली असते, तपासणी मात्र कुणाचीच आलेली नसते. आधीच्यानं पाहिलंच असेल, असं प्रत्येकानं धरून चाललेलं असतं.

बीबीसीनं १ एप्रिल १९५७ रोजी स्पॅगेटीच्या झाडांवरचं पीक काढतानाची फिल्म दाखवली, तेव्हा निवेदन रिचर्ड डिम्बलबी यांचं होतं. ब्रिटनमध्ये तेव्हा स्पॅगेटी फारशी परिचित नव्हती, आणि हा आवाज मात्र घराघरांत विश्वासाचा होता. हे झाड लावायचं कसं, असं विचारणारे फोन आले. त्या लोकांना हसू नये. ज्या विषयात आपल्याला काही ठाऊक नसतं तिथे सांगणाऱ्याकडे पाहूनच आपण विश्वास ठेवतो. दुसरा इलाजही नसतो.

पाचवी पायरी: तपासाची वाट कुठे अडवली होती?

रिकाम्या जागेनंतर सर्वांत जास्त हाती लागतं ते इथे. टिकलेल्या प्रत्येक बनावात, जिथे हात घातला असता तर तो तिथल्या तिथे कोसळला असता अशी एक जागा असते. ती जागा कशी झाकली होती, ते लिहा.

पिल्टडाउनच्या जबड्याचा कवटीत बसणारा सांधाच तुटलेला होता. तो असता तर हा जबडा या कवटीचा नाही हे कुणालाही बसवून पाहता आलं असतं. मूळ हाडं सांभाळून ठेवलेली असल्यानं अनेक अभ्यासकांना प्रतिकृतींवर काम भागवावं लागलं, आणि प्लास्टरच्या प्रतिकृतीत दातांवरचे कानशीचे ओरखडे दिसत नाहीत.

न्यूयॉर्कच्या ‘सन’ या वर्तमानपत्रानं २५ ऑगस्ट १८३५ पासून सहा भागांत चंद्रावरच्या प्राण्यांची आणि वटवाघळासारखे पंख असलेल्या माणसांची वर्णनं छापली. हा शोध जॉन हर्शेल यांनी लावला, असं त्यात म्हटलं होतं. हर्शेल खरोखरच त्या वेळी दक्षिण आफ्रिकेतल्या केप इथे दुर्बीण घेऊन आकाश पाहत होते. हा खरा तपशील फार मोलाचा होता, कारण केपला विचारणा करून जहाजानं उत्तर यायला महिने लागत. मजकूर ज्या स्कॉटिश विज्ञानपत्रिकेतून घेतल्याचं सांगितलं होतं, ती तर आधीच बंद पडलेली होती. बंद पडलेल्या पत्रिकेचा ताजा अंक कोण पडताळणार?

या पायरीवर सर्वांत शिकवणारं प्रकरण म्हणजे हिटलरच्या डायऱ्या. पश्चिम जर्मनीतल्या ‘श्टर्न’ साप्ताहिकानं एप्रिल १९८३ मध्ये त्या जाहीर केल्या. साठच्या आसपास वह्यांसाठी सुमारे ९३ लाख मार्क मोजले होते. रिकामी जागा इथेही खरी होती: एप्रिल १९४५ मध्ये हिटलरचं सामान नेणारं एक विमान ड्रेस्डेनजवळ बर्नर्सडॉर्फ इथे कोसळलं होतं. त्या विमानात काय होतं, हा प्रश्न तेव्हापासून लटकत होता. बातमीदार गेर्ड हायडेमानला त्या गावात अपघातात मेलेल्यांची थडगी सापडली आणि त्याचा विश्वास पक्का झाला. थडगी खरीच होती. पण त्यांनी फक्त विमान पडल्याचं सिद्ध होत होतं, डायऱ्यांचं काहीच नाही.

आता अडवलेली वाट पाहा. बातमी फुटू नये म्हणून तज्ज्ञांना थोडाच भाग दाखवला गेला. अक्षर ताडून पाहण्यासाठी जे ‘अस्सल’ नमुने दिले, त्यांतले काही डायऱ्या लिहिणाऱ्या कोनराड कुयाऊनंच बनवलेले होते. अक्षर जुळलं यात नवल नाही. खोट्याशी खोटं ताडून पाहिलं होतं. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांना झ्युरिचच्या बँकेच्या तिजोरीत वह्यांची चळत दाखवली गेली आणि त्या पसाऱ्यानंच त्यांच्यावर छाप पाडली. एवढं सगळं कोण खोटं लिहीत बसेल, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण वह्यांची संख्या हा पुरावा होत नाही, आणि म्हणून तुमच्या वहीत ‘किती पुरावे’ याऐवजी ‘एकमेकांपासून स्वतंत्र असे किती पुरावे’ हा रकाना ठेवा.

सरकारी अभिलेखागाराच्या तपासणीत कागदात युद्धानंतर वापरात आलेलं चकाकी देणारं रसायन मिळालं आणि ६ मे रोजी डायऱ्या बनावट असल्याचं जाहीर झालं. मजकुराचा बराच भाग हिटलरच्या भाषणांच्या छापील संकलनातून उचललेला होता, तिथल्या चुकांसकट. ही तपासणी डायऱ्या जाहीर करण्याआधी पूर्ण करता आली असती.

सहावी पायरी: शंका घेणारे कोण होते?

‘सगळेच फसले’ हे वाक्य दिसलं की थांबा आणि शोधा. शंका घेणारा जवळजवळ नेहमीच सापडतो. पिल्टडाउनचा जबडा माकडाचा आणि कवटी माणसाची, असं डेव्हिड वॉटरस्टन या शरीरशास्त्रज्ञानं १९१३ मध्येच छापून सांगितलं होतं. फुजिमुराच्या गटाच्या शोधांवर ओदा आणि कीली या अभ्यासकांनी १९८६ मध्ये लेखी आक्षेप घेतले होते. पक्षी आणि डायनासोर यांच्यातला दुवा म्हणून १९९९ मध्ये गाजलेला ‘आर्किओरॅप्टर’ हा जीवाश्म ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ या दोन्ही नियतकालिकांनी नाकारला होता. ‘नॅशनल जिओग्राफिक’नं तरी तो छापला. नंतर शू शिंग या चिनी संशोधकाला त्याच्या शेपटीचा दुसरा अर्धा भाग असलेला दगड सापडला आणि ती शेपूट वेगळ्याच प्राण्याची असल्याचं कळलं.

या लोकांचं ऐकलं का गेलं नाही, ते प्रत्येकासमोर लिहा. माझ्या पाहण्यात एक कारण पुन्हा पुन्हा येतं: शंका घेणारा ‘हे नाही’ एवढंच सांगतो, त्या जागी ठेवायला त्याच्याकडे दुसरं काही नसतं. उलट बनाव जागा भरून टाकतो.

तज्ज्ञ का फसतात हेही इथेच लिहून ठेवा. हान व्हान मेगेरेन या डच चित्रकारानं १९३७ मध्ये सतराव्या शतकातल्या व्हर्मीर या थोर डच चित्रकाराच्या नावानं एक धार्मिक चित्र रंगवलं. व्हर्मीरचे मोठे जाणकार अब्राहम ब्रेडियस यांनी ते अस्सल, किंबहुना त्याची सर्वोत्तम कृती ठरवलं. व्हर्मीरची ज्ञात धार्मिक चित्रं अगदी थोडी. त्यानं इटालियन वळणाची आणखी काढली असावीत, असा तर्क जाणकारांत होताच. नेमकं तसंच चित्र पुढे आलं. सामान्य माणसाला असा गळ टाकताच येत नाही, कारण त्याच्या मनात तो तर्कच नसतो. मेगेरेनची एक ‘व्हर्मीर’ नाझी नेता ग्योरिंगकडे पोचली, म्हणून युद्धानंतर राष्ट्राचा ठेवा शत्रूला विकल्याच्या आरोपाखाली तो पकडला गेला. तेव्हा त्यानं ती आपणच रंगवल्याचं कबूल केलं आणि ते पटवायला पहाऱ्यात आणखी एक चित्र रंगवून दाखवलं.

सातवी पायरी: बिंग फुटलं ते कशानं?

तीन मार्ग असतात: नवी तपासणी, कबुली, किंवा रंगेहाथ पकडणं. पिल्टडाउन, हाड किती काळ जमिनीत होतं हे सांगणाऱ्या फ्लोरिनच्या मोजणीनं डळमळलं आणि १९५३ मध्ये ओकली, वायनर व ल ग्रो क्लार्क यांच्या तपासणीनं पडलं. फुजिमुरा रंगेहाथ सापडला. कॉटिंग्लेच्या बहिणींनी १९८३ मध्ये कबुली दिली: चित्रं एका पुस्तकातून पाहून काढली, कापली आणि टोपीच्या पिनांनी उभी केली. (फ्रान्सेस मात्र पाचवं छायाचित्र खरं असल्याचं शेवटपर्यंत म्हणत राहिली.)

या प्रकरणात एक सूक्ष्म गोष्ट आहे आणि ती आज फार उपयोगी पडते. छायाचित्रांच्या काचेच्या निगेटिव्ह तज्ज्ञाला दाखवल्या तेव्हा त्यांवर कसलीही कारागिरी झालेली नाही, असं त्यानं सांगितलं. ते बरोबरच होतं. कॅमेऱ्यानं समोर जे होतं तेच टिपलं होतं. समोर कागद होता. ‘छायाचित्र अस्सल आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘पऱ्या अस्सल आहेत का?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून फिरवलं गेलं. कोडॅकनं प्रमाणपत्र द्यायला नकार दिला होता, पण त्या नकाराची चर्चा कमी झाली.

बिंग फुटल्यानंतर काय उरलं, याचा रकानाही ठेवा. १८६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कार्डिफ गावी जमिनीतून ‘निघालेला’ दहा फुटी दगडी राक्षस काही आठवड्यांतच खोटा ठरला. प्राध्यापक ओथनिएल मार्श यांनी दाखवून दिलं की पाण्यात विरघळणाऱ्या जिप्सममध्ये छिन्नीच्या खुणा इतक्या ताज्या राहूच शकत नाहीत. तरी लोक पैसे मोजून त्याला बघत राहिले. तिथे नुकसान तिकिटापुरतं झालं. पिल्टडाउनचं नुकसान खोल गेलं. दक्षिण आफ्रिकेतल्या टाउंग इथली, लहान मेंदूच्या पण माणसासारख्या दातांच्या मुलाची जीवाश्म कवटी रेमंड डार्ट यांनी १९२५ मध्ये जगापुढे ठेवली, तेव्हा ती पिल्टडाउनच्या नेमकं उलट सांगत होतं. डार्ट बरोबर होते हे मान्य व्हायला दोन दशकांहून जास्त काळ गेला. खोट्या कवटीनं खऱ्या कवटीची जागा अडवून धरली होती, आणि या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त राग येतो तो याचा.

आठवी पायरी: मानसशास्त्र आता वाचा, आधी नाही

संज्ञा आधी पाठ केल्या की प्रत्येक बनावावर त्या चिकटवाव्याशा वाटतात. वही भरल्यानंतर वाचलं तर प्रत्येक संज्ञेला आपलं उदाहरण मिळतं. दोन अभ्यास पुरेसे आहेत. हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो यांनी १९७७ मध्ये दाखवलं की एखादं विधान पुन्हा पुन्हा समोर आलं की ते जास्त खरं वाटू लागतं, मग ते खरं असो वा खोटं. पिल्टडाउन पाठ्यपुस्तकांत गेल्यावर काय झालं असेल ते यावरून कळतं. दुसरा अभ्यास २०१८ चा. वोसूघी, रॉय आणि अराल यांनी ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात पसरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या तपासल्या. खोट्या बातम्या पुढे पाठवल्या जाण्याची शक्यता खऱ्यांपेक्षा ७० टक्के जास्त निघाली, आणि त्यामागे यंत्रं नव्हती, माणसंच होती. खोट्या बातम्यांत नावीन्य जास्त होतं, असं त्यांना दिसलं.

नववी पायरी: तेच प्रश्न आजच्या दाव्याला विचारा

एखादा व्हिडिओ, फोटो किंवा संदेश पाहून तुम्हाला लगेच आनंद झाला किंवा संताप आला, तर तोच निवडा. पहिला प्रश्न स्वतःसाठी: हे खरं असावं असं मला का वाटतंय? ही तुमची रिकामी जागा. मग तपासाची वाट पाहा. मूळ कुठे आहे, आणि ते बघता येतं का? फोटो पूर्ण आहे की कापलेला? लॉक नेसच्या राक्षसाचा १९३४ चा प्रसिद्ध फोटो कापून छापला होता. पूर्ण चौकटीत ते डोकं अगदी लहान दिसतं. १९९४ मध्ये कळलं की ते खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेलं होतं. व्हिडिओ अस्सल असला तरी तो त्याच घटनेचा, त्याच दिवसाचा आहे का?

आणि त्याच पानावर रेंगाळू नका. वाइनबर्ग आणि मॅकग्रू यांनी इतिहासाचे विद्वान, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि पेशानं तथ्य तपासणारे लोक यांना संकेतस्थळं पारखायला दिली. विद्वान आणि विद्यार्थी यांच्यापैकी बरेच जण पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले आणि देखण्या मांडणीला भुलले. तथ्य तपासणारे चटकन बाहेर पडले, दुसऱ्या खिडक्या उघडून त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते त्यांनी पाहिलं, आणि कमी वेळात अचूक निष्कर्षाला पोचले. ट्रेव्हर-रोपर यांना बँकेच्या तिजोरीत नेमकी हीच सोय नव्हती.

दहावी पायरी: दुसऱ्याला सांगताना जागा रिकामी सोडू नका

जॉन्सन आणि सायफर्ट यांनी १९९४ मध्ये एक प्रयोग केला. गोदामाला लागलेल्या आगीची बातमी लोकांना वाचायला दिली. कपाटात रंगाचे डबे आणि गॅसच्या टाक्या होत्या, असं आधी सांगितलं आणि नंतर दुरुस्ती केली की कपाट रिकामं होतं. दुरुस्ती वाचलेली असूनही लोक आगीचं कारण सांगताना त्या डब्यांकडेच वळत राहिले. आग मुद्दाम लावल्याच्या खुणा सापडल्या, असं दुसरं कारण ज्यांना दिलं, त्यांच्यात हे प्रमाण घटलं.

म्हणून घरातल्या कुणाला ‘हे खोटं आहे’ एवढंच सांगून थांबू नका. मग ते काय आहे, कुठून आलं, कसं बनलं, ते दाखवा. व्हिडिओ जुना असेल तर मूळ घटना कोणती आणि ती कधीची, ते शोधून द्या. पऱ्यांचे फोटो खरे मानणारं कुणी भेटलं तर कागदाची एक आकृती कापा, पिनेनं गवतात उभी करा, दोन पावलं मागे जाऊन तिचा फोटो काढा आणि तो त्यांच्या हातात द्या.